जत्रेत पाळण्याखाली काय खावं? सारंगखेडा ते अमळनेर, खाण्याच्या रांगांची परीक्षा

खानदेशातल्या मोठ्या यात्रांत आकाशपाळणा तोच, ब्रेकडान्स तोच, भज्यांची कढईही तशीच. खाण्याचा हिशेब मात्र गावागणिक नाही, महिन्यागणिक बदलतो. सारंगखेड्याला तापीकाठी एकमुखी दत्ताची यात्रा मार्गशीर्ष पौर्णिमेला, दत्तजयंतीला सुरू होते. घोडेबाजारामुळे तिचं नाव देशभर आहे. तेव्हा थंडी पडलेली असते आणि रात्री शेकोटीजवळून उठवत नाही. अमळनेरला संत सखाराम महाराजांचा रथ वैशाख शुद्ध एकादशीला निघतो, पालखी पौर्णिमेला, आणि यात्रा भरते बोरी नदीच्या पात्रात. तेव्हा दुपारचा पारा बेचाळीस-चव्वेचाळीसला टेकलेला असतो. ज्या पदार्थाला डिसेंबरात पाचपैकी चार गुण द्यावेत, त्याच पदार्थाला मे महिन्यात एकही देता येत नाही. धुळ्याची एकवीरा देवीची चैत्रातली यात्रा उन्हाळ्याच्या हिशेबात धरा. मुक्ताईनगरची माघातली यात्रा दिवसा उन्हाळ्यात आणि रात्री हिवाळ्यात मोजा.

पदार्थाचं नाव बघण्याआधी विस्तव बघायचा. कढईतून, तव्यावरून किंवा उकळत्या पातेल्यातून निघालेली वस्तू चार-पाच मिनिटांत तुमच्या हातात येत असेल, तर दुकान साधं असलं तरी चालतं. पाटी कितीही मोठी असो, वस्तू परातीत मांडून ठेवलेली असेल तर पुढे चालू लागा. शिजवलेलं अन्न ६० अंशांच्या वर राहिलं किंवा ५ अंशांच्या खाली राहिलं तर त्यात जंतू फारसे वाढत नाहीत. मधल्या कोमट पट्ट्यात ते झपाट्याने वाढतात. जत्रेत शीतकपाट बहुतेक दुकानात नसतं, म्हणून गरमच हा एक रस्ता उरतो. विचारायला लाजू नका. ‘आतेच काढेल शे का, भाऊ?’ (आत्ताच काढलंय का) एवढं विचारलं की चांगला दुकानदार न रागावता ‘थांबा, नवा घाणा काढतो’ म्हणतो. उत्तराऐवजी परातीतलीच भजी पुन्हा तेलात सोडायला लागला तर तिथे घेऊ नका. दोनदा तळलेलं भजं बाहेरून कडक आणि गडद होतं, आतून तेलकट राहतं, आणि मोडलं की आतला कांदा करपट वास मारतो.

भजी, पाववडा, मिरची, कचोरी या सगळ्यांचा निकाल तेलावर लागतो. तेल काळं आहे एवढ्यावरून ते वाईट ठरवू नका. बेसन आणि हळद यांनी तेल लवकर रंग धरतं. कढईजवळ दोन मिनिटं उभे राहून तीन गोष्टी बघा. भजं सोडल्यावर फेस येतो, तो मोठ्या बुडबुड्यांचा असेल आणि भजं तळून होत आलं की बसत असेल तर तेल ठीक आहे. फेस बारीक, साबणासारखा असेल आणि भजी काढल्यावरही कढईच्या कडेला टिकून राहत असेल तर ते तेल थकलंय. दुसरं, कढई रिकामी असताना मध्यम आचेवरही धूर निघतोय का? वारंवार तापवलेल्या तेलाला धूर लवकर सुटतो. तिसरं, तळणारा प्रत्येक घाण्यानंतर झाऱ्याने तळाचा बेसनाचा चुरा काढतो का? तो चुरा जळतो, तेल कडू करतो आणि पुढच्या घाण्याला काळे ठिपके लावतो. ज्या कढईतला चुरा नियमित निघतो, तिथलं भजं बहुधा चांगलंच असतं. देशाच्या अन्न सुरक्षा प्राधिकरणाने १ जुलै २०१८ पासून तळणाच्या तेलातल्या ध्रुवीय संयुगांची (तेल वारंवार तापवल्याने वाढणाऱ्या घटकांची) मर्यादा २५ टक्के ठरवली आहे. ती मोजायला यंत्र लागतं, पण फेस, धूर आणि वास ही गिऱ्हाइकाच्या हातातली मापं आहेत.

गर्दीत एक चूक नेहमी होते. रांग वाढली की तळणारा एका घाण्यात दुप्पट पीठ सोडतो. तळणाला साधारण १७० ते १८० अंशांचं तेल लागतं. पीठ जास्त पडलं की तेल एकदम उतरतं, भजी तळाशी बसतात, उशिरा वर येतात आणि तेवढ्या वेळात तेल पितात. म्हणून यात्रेच्या ऐन गर्दीत, संध्याकाळी सात ते नऊच्या दरम्यान, सगळ्यात गाजलेल्या दुकानातसुद्धा भजी सुमार लागू शकतात. त्याच दुकानात साडेचार-पाचला जा. तेव्हा तेल नुकतं भरलेलं असतं आणि हात घाईत नसतो. भजी वजनावर मिळतात. चौघांनी आधी पावभरच घ्यावी, संपली की पुन्हा गरम पावभर. अर्धा किलो एकदम घेतली की शेवटची मूठ गार आणि चिवट होते. सारंगखेड्याच्या थंडीत हे आणखी जाणवतं, कारण बऱ्याच कढयांत पामतेल असतं आणि ते थंडीत गोठतं. गार झालेल्या भज्याने टाळूला मेणचट थर लागतो तो त्याचाच.

शेवभाजी हे खानदेशातलं खरं झटपट जेवण, आणि जत्रेच्या खाण्यात आमची पहिली पसंती तिला. कारण साधं आहे. काळ्या मसाल्याचा रस्सा दिवसभर चुलीवर रटरटत ठेवता येतो, शेव कोरडी असते म्हणून बिघडत नाही, आणि दोन्ही एकत्र यायला अर्धा मिनिट लागतो. भाजलेला कांदा, भाजलेलं सुकं खोबरं, लसूण आणि गरम मसाला यांचं वाटण तेलात नीट परतलेलं असेल तर रस्सा काळपट तपकिरी दिसतो आणि वर तर्री आपोआप सुटते. वाटण कच्चं राहिलं असेल तर रस्सा भुरकट दिसतो, घशात खवखवतो आणि तर्री वरून वेगळी ओतलेली कळते. शेव जाड, तिखट, ओव्याची हवी. मागताना स्पष्ट सांगा, शेव वेगळी द्या किंवा ताट हातात देताना टाका. पातेल्यातच शेव घालून ठेवलेली असेल तर पंधरा-वीस मिनिटांत तिचा लगदा होतो, रस्सा पिठूळ होतो आणि मग तो सैल करायला वरून पाणी घातलं जातं. ते पाणी पुन्हा उकळलंय की नाही याची खात्री कुणी देऊ शकत नाही. रस्सा खळखळ उकळताना दिसला तरच घ्या. मंद वाफ पुरेशी नाही. सोबत भाकरी मिळाली तर भाकरी, नाहीतर पाव. लहान मुलांना तर्री न घालता, शेव जास्त आणि रस्सा थोडा, असं मागितलं तर देतात. सारंगखेड्यात पाचपैकी साडेचार. अमळनेरच्या उन्हात संध्याकाळनंतर चार. भर दुपारी एवढं तिखट आणि तेल अंगावर येतं.

हिवाळ्यात शेवभाजीला टक्कर देईल असं एकच ताट, भरीत आणि कळण्याची भाकरी किंवा पुरी. जळगावच्या भरिताच्या वांग्याला आणि जळगावच्या केळीला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. बामणोद, भालोद, आसोदा या बाजूची फिकट हिरवी, मोठी, कमी बियांची वांगी म्हणजे भरिताची खरी वांगी. ती थंडीतच चांगली येतात, त्यामुळे वैशाखात कुणी भरीत विकत असेल तर ते कुठल्याही जांभळ्या वांग्याचं असू शकतं. घेऊ नका. चांगलं भरीत ओळखायचं ते धुराच्या वासाने. कपाशीच्या किंवा तुरीच्या वाळलेल्या काड्यांवर भाजलेल्या वांग्याला गोडसर धूर येतो; गॅसवर भाजलेल्याची साल जळते पण देठाकडचा भाग कच्चा राहतो, आणि तो दाताखाली येतो. वांगी ठेचल्यावर त्यात भाजलेल्या हिरव्या मिरच्या, लसूण, शेंगदाणे, कांद्याची पात आणि कोथिंबीर पडते. बिघडतं ते इथेच. पात आणि मीठ एकदा घातलं की भरिताला पाणी सुटायला लागतं. सकाळी कालवून ठेवलेल्या भरिताच्या कडेला संध्याकाळपर्यंत पाणी साचतं आणि पात मऊ, काळपट होते. जे दुकान वांगी ठेचून वेगळी ठेवतं आणि मागणीप्रमाणे फोडणीत परतून वर ताजी पात टाकतं, तेच दुकान निवडा. कळण म्हणजे ज्वारीत अख्खे उडीद घालून दळलेलं पीठ, साधारण चार भाग ज्वारीला एक भाग उडीद. त्यामुळे भाकरीला चिवटपणा येतो, ती गार झाली तरी तुटत नाही, आणि उभ्याने खायला सोपी जाते. माणशी दोन पळ्या भरीत आणि एक मोठी भाकरी पुरते.

वरण-बट्टी दिसली तर ती फिरणं संपल्यावर. कणकेची बट्टी आधी उकडून मग कापून तळलेली असते, वर वरण, बाजूला घोटलेली वांग्याची भाजी. चव उत्तम, पण पोटात जड. चार तुकड्यांनंतर पाळण्यात बसू नका.

पाळण्यांचा विषय निघालाच आहे तर वेळेचं नीट बघू. आकाशपाळणा तुलनेने सौम्य; ब्रेकडान्स आणि टोराटोरा यांसारखे गरगर फिरवणारे प्रकार पोटाला त्रास देतात. पूर्ण जेवणानंतर निदान तासभर थांबावं, भजी-जिलेबीनंतरही तेवढंच, कारण तळलेलं पोटात जास्त वेळ राहतं. उपाशीपोटी बसणंही चुकीचं. रिकाम्या पोटी मळमळ लवकर होते. बसण्याच्या अर्धा तास आधी मूठ-दोन मूठ मुरमुरे-फुटाणे किंवा अर्धी भाकरी, घोटभर पाणी, एवढं बरोबर. सोड्याची बाटली पिऊन लगेच बसू नये, गॅस वर येतो. ज्यांना गाडी लागते त्यांनी आलेपाकाची एक वडी तोंडात धरावी. जत्रेत ती मिळते आणि बऱ्याच जणांना आल्याने बरं वाटतं. पोरांना आधी पाळणे, मग खाणं, हा क्रम लावला की निम्म्या तक्रारी उरत नाहीत.

रांगेत उभं राहून खायला भत्त्यासारखं दुसरं काही नाही. मुरमुरे, शेव, फुटाणे, शेंगदाणे, वरून कांदा आणि तळलेली मिरची. कोरडा भत्ता दोन्ही ऋतूंत चालतो. उन्हाळ्यात फक्त एक काळजी घ्या. चिरलेला कांदा आणि कैरी सकाळपासून उघड्यावर पडलेली असते. समोर चिरून द्यायला सांगा, नाहीतर कांद्याविना घ्या. चिंचेचं पाणी नको. मुरमुरे सादळलेत का ते बोटाने चिरडून बघता येतं, कुरकुरीत आवाज आला पाहिजे. यापेक्षाही स्वस्त आणि निर्धोक म्हणजे केळी. साल आपण स्वतः काढतो, दुसऱ्या कुणाचा हात लागत नाही. रावेर-यावलच्या केळीच्या मुलखात राहून पोरांना हवाबंद बिस्किटांवर ठेवणं पटत नाही.

अमळनेरला रथाच्या दिवशी एकादशी असते, म्हणून निम्मी गर्दी उपासाची. साबुदाणा खिचडी गरम असताना दाणा सुटा असतो. गार झाली की गोळा होतो आणि तो गोळा मोकळा करायला पुन्हा तूप किंवा पाणी घालून परततात. अशी दुसऱ्यांदा परतलेली खिचडी चिकट आणि चकचकीत दिसते. शेंगदाण्याचा कूट उन्हात लवकर खवट होतो, पहिल्या घासातच कळतं. तसं लागलं तर ताट तिथेच ठेवा. साबुदाणा वडा खिचडीपेक्षा बरा, कारण तो समोर तळला जातो. फक्त मोडून आत बघा, दाणा पांढरा आणि कडक दिसला तर भिजवण कमी पडलंय. भगरीच्या पिठाचे पदार्थ मात्र जत्रेत टाळावेत असं आमचं ठाम मत आहे. महाराष्ट्रात उपासाच्या दिवसांत भगरीने विषबाधा झाल्याच्या घटना घडल्या आहेत. ओलसर, जुन्या भगरीवर बुरशी धरते, दळून ठेवलेलं पीठ ओल लवकर ओढून घेतं, आणि बुरशीचं विष शिजवल्याने जाईलच असं नाही. म्हणून सुटं, जुनं पीठ घेऊ नका असं अन्न व औषध प्रशासन सांगतं. जत्रेत पीठ कधी दळलं हे विचारून कळणार नाही. उकडलेला बटाटा, केळी, राजगिऱ्याचा लाडू, शेंगदाणे एवढ्यावर एकादशी चांगली निघते.

पेयांत मुख्य प्रश्न बर्फाचा. अखाद्य बर्फात निळा रंग घालायचा हा नियम २०१८ पासून आहे. खाण्याचा बर्फ रंगहीन हवा. पण रंगहीन बर्फही भुशात आणि गोणपाटात गुंडाळून येतो, आणि दुकानदार तो धुतो की नाही हे तुम्हालाच बघावं लागतं. ऊसाचा रस बर्फाविना मागा, आणि ऊस तुमच्यासमोर घाण्यात घाला म्हणा. सोलून पाण्याच्या बादलीत उभे केलेले ऊस नकोत. ताकात पाणी मिसळलेलं असतं, तेव्हा मे महिन्यात सुटं ताक सोडा, बंद पिशवीतलं घ्या. गोटी सोडा बाटली बंद असेपर्यंत ठीक. लिंबू-मीठ घालून ग्लासात केला की ग्लास कुठल्या पाण्यात विसळला ते बघा. थंडीत चहा आणि आटवलेलं गरम दूध सर्वांत निर्धोक. सारंगखेड्याच्या रात्री दूध-जिलेबी मिळाली तर जरूर घ्या. जिलेबी पाकातून काढून पाच मिनिटांच्या आतली हवी, दाबल्यावर कडा मोडली पाहिजे आणि आतला पाक गरम लागला पाहिजे. रंग फार केशरी असेल तर घेऊ नका, नैसर्गिक जिलेबी फिकट सोनेरी असते.

पोरांचा हट्ट साखरेच्या कापसासाठी असतो. गडद गुलाबी कापूस देऊच नका. तमिळनाडूत फेब्रुवारी २०२४ मध्ये कापसात रोडामाइन-बी हा कापड रंगवायचा रंग सापडला आणि तिथे विक्रीवर बंदी आली. पांढरा कापूस मागितला तर बरेच विक्रेते रंग न घालता साखर टाकून काढून देतात, तोच घ्या. बर्फाच्या गोळ्याला आम्ही शून्य गुण देतो, दोन्ही ऋतूंत.

बाकीचं पटकन. अंडाभुर्जी आणि ऑम्लेट-पाव, मंदिरापासून लांबच्या रांगेत मिळाले तर, उत्तम. अंडं कवचात बंद असतं आणि समोर फुटतं. डोसा खा, खोबऱ्याची चटणी सोडा, कारण उन्हात ती दोन तासांत आंबते. सांबार उकळत असेल तरच घ्या. पावभाजी तव्यावर सतत घोटली जात असेल तर चालेल. चायनीजच्या गाड्यांवरचा भात आणि नूडल्स सकाळी उकडून ठेवलेले असतात. मोठ्या आचेवर एक मिनिट परतल्याने वरून गरम होतात, पण तासन्‌तास कोमट पडलेल्या भातात काही जंतूंनी सोडलेलं विष त्या परतण्याने जात नाही. एक गुण. पाणीपुरीत पाणी, बर्फ आणि उघडा हात तिन्ही एकत्र येतात. तिच्याऐवजी गरम रगडा मागून वर कोरडी शेव घ्या.

जागा निवडणं हेही खाणं निवडण्याइतकंच महत्त्वाचं. बोरीच्या पात्रात दुपारनंतर वाळू उडते आणि चालण्याच्या वाटेला लागून असलेल्या पराती तिने भरतात. दुसऱ्या ओळीतलं, वाऱ्याला पाठ केलेलं, मागे कनात लावलेलं दुकान बघा. सारंगखेड्याला घोडेबाजाराच्या कडेला धूळ आणि माशा जास्त असणारच. तिथून दूर, पाळण्यांच्या बाजूला खा. पदार्थ वर्तमानपत्रात बांधून देत असतील तर घेऊ नका, गरम तेलात छपाईची शाई उतरते. घरून एक स्टीलचा डबा आणि दोन वाट्या न्या. मोठ्या शहरांतल्या बऱ्याच थीम पार्कांत आणि वॉटर पार्कांत फाटकावर पिशव्या तपासून घरचं खाणं बाहेर ठेवायला लावतात. जत्रेत अशी आडकाठी नाही. म्हणून म्हाताऱ्या माणसांसाठी आणि मधुमेहींसाठी दुधात मळलेल्या दशम्या, शेंगदाण्याची चटणी आणि उकडलेली अंडी किंवा फुटाणे सोबत ठेवा. दशमी थंडीत दोन दिवस राहते, मे महिन्यात एकच.

परतताना घरी न्यायची वस्तू म्हणजे गोडशेव. बेसनाची शेव तळून गुळाच्या किंवा साखरेच्या पाकात घोळवलेली. चांगली गोडशेव बोटांनी टचकन मोडते आणि हाताला चिकटत नाही. पाक कच्चा राहिला असेल तर ती वाकते, दुसऱ्या दिवशी पिशवीत एक ढेप होते. गुळाची घ्यायची तर थंडीच्या यात्रेत घ्या. वैशाखात गुळाला पाझर सुटतो, तेव्हा साखरेच्या पाकाची बरी. दुकानदाराला वरच्या ढिगातली न देता आतून काढायला सांगा, वरची धूळ खाल्लेली असते. घरी पोचल्यावर पिशवीतून काढून कोरड्या, घट्ट झाकणाच्या डब्यात भरा. आठ-दहा दिवस कुरकुरीत राहते.